मूळचे कोण, आणलेले कोण? सीना-भीमेच्या माशांचा इतिहास

सोनारीचे नाव निघाले की आधी काळभैरवनाथ आठवतो आणि पाठोपाठ देवळाच्या परिसरात निर्धास्त वावरणारी माकडे. परंडा तालुक्यातल्या या गावाची चैत्रातली यात्रा आसपासच्या जिल्ह्यांतही ठाऊक आहे. मासे हा विषय मात्र या गावाशी कोणी जोडत नाही. परंड्याचा धाराशिव जिल्हा म्हणजे कमी पावसाचा मुलूख, ज्वारीची काळी राने, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्त्या, अशीच ओळख पक्की झाली आहे. समुद्र शेकडो किलोमीटर दूर. सीना नदी आहे, पण तीही उन्हाळ्यात जागोजागी तुटते.

तरीही सीनेच्या काठावरच्या एखाद्या जुन्या माणसाला विचारावे; तो चढणीच्या माशांबद्दल भरभरून बोलेल. मृगाचा दमदार पाऊस झाला, ओढ्याला पहिले गढूळ पाणी आले, की मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर निघतात. बंधाऱ्यावरून पडणाऱ्या पाण्यावर ते अंग झोकून देतात, दगडावर आपटतात, मागे वाहून जातात आणि पुन्हा उडी घेतात. पोटे गाभोळीने तट्ट फुगलेली असतात. वर, जिथे पाणी उथळ आहे, नुकतेच गवत बुडाले आहे, तिथे त्यांना अंडी सोडायची असतात. त्या दोन-चार दिवसांत टोपली, धोतर, जुने लुगडे, जे हाताशी येईल त्याचे जाळे होते.

हे मासे येतात कुठून? आठवड्यापूर्वी त्याच ओढ्यात धूळ उडत होती. मासे पावसाबरोबर आभाळातून पडतात, असा समज खेड्यापाड्यांत फार जुना आहे. उत्तर चुकले असले तरी प्रश्न नेमका आहे, आणि गेली दोनशे वर्षे शास्त्रज्ञ तोच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारत आले आहेत.

जवळचे उत्तर डोहात आहे. दख्खनची नदी काळ्या पाषाणातून वाहते. हा पाषाण सगळीकडे सारखा टणक नाही. एक थर घट्ट, त्याखालचा ठिसूळ. त्यामुळे पाणी पात्रात खोल खड्डे कोरते. सीना जिला मिळते त्या भीमेच्याच खोऱ्यात, कुकडी नदीवर निघोजला रांजणखळगे आहेत. त्यांत डोकावले की दगड पोखरण्याची पाण्याची ताकद कळते. वैशाखात नदी आटते, पण असे डोह टिकून राहतात. पुढच्या वर्षाचे सगळे बियाणे त्या साठलेल्या पाण्यात असते. मरळ तर त्याहून चिवट. तिला कल्ल्यांखेरीज हवेतला प्राणवायूही घेता येतो, त्यामुळे चिखलात पाणी नावापुरते उरले तरी ती तग धरते. तळ्यातली मोठी गोगलगाय आपल्या शंखाचे दार आतून घट्ट लावून मातीत उन्हाळा काढते. डबक्यांतले सूक्ष्म कवचधारी जीव तर अंड्यांच्या रूपाने कोरड्या धुळीत वर्षानुवर्षे थांबू शकतात.

दूरचे उत्तर पक्ष्यांच्या पायांत सापडते. डार्विनने बदकाचे पाय पाण्यात लोंबते ठेवून पाहिले होते. नुकत्याच जन्मलेल्या गोगलगाई त्या पायांना चिकटल्या आणि पाण्याबाहेर, दमट हवेत बारा ते वीस तास जिवंत राहिल्या. 1859 च्या आपल्या ग्रंथात त्याने हे नोंदवले. तेवढ्या वेळात बदक शेकडो मैल उडते. 2020 मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी आणखी पुढचा प्रयोग केला: बदकांना कार्प माशांची अंडी खाऊ घातली आणि विष्ठेतून बाहेर पडलेली अंडी तपासली. हजारो अंड्यांपैकी अगदी मोजकी जिवंत निघाली, पण निघाली. दर हिवाळ्यात भीमेवरच्या उजनी धरणाकाठी, भिगवणच्या पाणथळीवर किती पक्षी उतरतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला या मोजक्या अंड्यांचे मोल वेगळे सांगायला नको.

आता नकाशा पाहू. धाराशिव जिल्ह्याच्या अंगावरून बालाघाटाची रांग गेली आहे. परंड्याकडचे पाणी सीनेला मिळते. सीना सोलापूरच्या दक्षिणेला हत्तरसंग कुडल येथे भीमेला मिळते, तिथेच 1018 सालचा मराठी शिलालेख आहे. पुढे रायचूरच्या उत्तरेला भीमा कृष्णेत जाते. कळंबकडचे पाणी मात्र मांजरेतून गोदावरी गाठते. दोन्ही वाटा शेवटी बंगालच्या उपसागराला मिळत असल्या, तरी गोड्या पाण्यातल्या माशाला समुद्रातून फिरून येणे शक्य नसते. असे असूनही दोन्ही खोऱ्यांत कितीतरी मासे एकच आहेत. ते डोंगर ओलांडून गेले कसे?

भारतीय मत्स्यशास्त्रातले सर्वांत मोठे नाव सुंदरलाल होरा यांचे. त्यांच्यापुढे हाच प्रश्न अधिक मोठा होऊन उभा होता. सह्याद्रीच्या खळाळत्या ओढ्यांतले काही मासे थेट आसाम आणि मलाया या प्रदेशांतल्या माशांचे भाऊबंद आहेत. मधल्या दख्खनच्या पठारावर मात्र त्यांचा मागमूस नाही. होरांनी 1940 च्या दशकात मांडणी केली की, कधीकाळी सातपुडा-विंध्याची रांग अधिक उंच आणि अधिक पावसाची असावी आणि त्याच वाटेने, ओढ्यामागून ओढा पकडत, हे मासे पश्चिमेला आले. नदी डोंगर मागे कुरतडत जाते आणि कधी पलीकडच्या नदीचा एखादा ओढाच स्वतःकडे वळवते. पाण्याबरोबर मासेही नव्या खोऱ्यात येतात. सातपुडा सिद्धान्तावर पुढे बरेच आक्षेप आले आणि आज तो जसाच्या तसा कोणी स्वीकारत नाही. पण मासा कुठे आहे एवढेच न पाहता तो तिथे कोणत्या वाटेने आला हे विचारायची सवय होरांनी लावली, आणि ती सवय टिकली.

त्याआधीचा काळ दगडात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे लोट एकावर एक पसरत होते. दोन लोटांमध्ये कधी हजारो वर्षांची उसंत मिळे. तेवढ्यात खोलगट जागी तळी साचत, गाळ बसे, जीव येत आणि पुढचा लोट सगळ्यावर झाकण घाली. नागपूरजवळ टाकळीला स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अशा गाळातून गोड्या पाण्यातल्या गोगलगाई, फळे, बिया गोळा केल्या. मुंबईत वरळीच्या टेकडीत इवल्या बेडकांचे सांगाडे निघाले आणि 1847 मध्ये रिचर्ड ओवेनने त्यांचे वर्णन केले. त्याहून चकित करणारा पुरावा मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याजवळ झिलमिलीला मिळाला. तिथे लाव्हाच्या थरांमधल्या गाळात समुद्रातल्या सूक्ष्म जिवांची कवचे आहेत, असे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे त्या काळी समुद्राचा एखादा फाटा भारताच्या पोटात पार खोलवर आला असावा. परंडा-सोनारीकडच्या घरांना, वाड्यांना, किल्ल्याला लागलेला काळा दगड याच लाव्हाचा.

माणसाने इथल्या माशांची पहिली पद्धतशीर यादी केली ती मात्र अगदी अलीकडे. विल्यम हेन्री साइक्स हा मुंबईच्या फौजेतला अधिकारी. 1817 च्या खडकीच्या लढाईत तो इंग्रजांच्या बाजूने लढला. पेशवाई बुडाली आणि 1824 मध्ये मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने त्याला नव्या मुलखाची सांख्यिकी माहिती जमवायला नेमले. पिके, पाऊस, लोकसंख्या, गावगाडा यांची मोजदाद करता करता साइक्सने पक्षी, प्राणी आणि मासेही नोंदवले. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध 1839 मध्ये थोडक्यात आणि 1841 मध्ये चित्रांसह लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने छापला.

या निबंधातले कितीतरी मासे भीमेतले आहेत, आणि त्यांच्यापुढे ठिकाण म्हणून ‘पेडगाव’ लिहिलेले आहे. हे भीमाकाठचे तेच पेडगाव, जिथे बहादूरगड आहे. इथल्या पाण्यात साइक्सला रोहटी सापडली, फुलुंगी सापडली. पुण्याच्या मुळा-मुठेत खुद्री, म्हणजे दख्खनचा महसीर मिळाला. इंद्रायणीत नुक्ता मिळाला. नुक्त्याच्या तोंडाची ठेवण विलक्षण. थुंथणीवर पुढे आलेला मांसल उंचवटा, त्याच्या खाली खाच आणि मग खालच्या बाजूला वळलेले तोंड. एकदा पाहिलेला नुक्ता माणूस विसरत नाही.

साइक्सने या माशांना शास्त्रीय नावे देताना नदीकाठी ऐकलेलीच नावे पुष्कळदा उचलली. आज जगातल्या कुठल्याही संग्रहालयातला मत्स्यतज्ज्ञ शिंगाळा, बोगट, फुलुंगी, खुद्री, नुक्ता हे शब्द लॅटिन वळणाने उच्चारतो. ते भीमेच्या भोयांचे आणि कोळ्यांचे शब्द आहेत. ज्यांनी जाळ्यातून मासा काढून हातात धरला आणि नाव सांगितले, त्या माणसांची नावे मात्र इतिहासात उरली नाहीत. निम्मी विद्या त्यांची होती. याची रुखरुख वाटल्याशिवाय तो निबंध वाचता येत नाही.

साइक्सचे बहुतेक नमुनेही आज कुठे सापडत नाहीत. उरली ती वर्णने आणि चित्रे. त्यामुळे किती गोंधळ होऊ शकतो याचे उदाहरण म्हणजे त्याचा ‘मुसुल्ला’. हा महसीरचाच एक प्रकार, असे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे धरून चालले होते. साइक्सचे मूळ वर्णन आणि चित्र पुन्हा बारकाईने तपासून 2013 मध्ये अभ्यासकांनी दाखवले की तो महसीर नव्हेच. तो दुसऱ्याच वंशाचा मासा आहे. बरणीतला एक मासा जपला असता तर हा वाद उभाच राहिला नसता.

आणखी एक मर्यादा होती. साइक्सचे काम इंग्रजांच्या ताब्यातल्या दख्खनपुरते होते. परंडा निजामाच्या राज्यात. त्यामुळे भीमेचे पेडगाव शास्त्राच्या नकाशावर आले, आणि तिथून फार दूर नसलेली परंड्याकडची सीना त्याच्या बाहेर राहिली. हैदराबाद संस्थानातल्या माशांचे सर्वेक्षण पुढे रहिमुल्ला आणि महमूद यांनी केले आणि ते 1940 च्या दशकात मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आले, तोवर शंभर वर्षे उलटली होती. माशांना सरहद्द नसते. नोंदींना असते, आणि मराठवाड्याच्या निसर्गाच्या इतिहासात त्या सरहद्दीची पोकळी आजही जाणवते.

विसाव्या शतकात माशांच्या प्रसाराचे काम पक्ष्यांकडून आणि पुरांकडून माणसाने आपल्या हाती घेतले. हिवतापाच्या डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून गप्पी आणले गेले. 1928 मध्ये इटलीहून गंबुसिया आला. आरोग्य खात्याचा माणूस विहिरीत गप्पी मासे सोडतो हे दृश्य मराठी खेड्याला परके नाही. सायप्रिनस 1939 मध्ये निलगिरीत आला. तिलापिया 1952 मध्ये बँकॉकहून तमिळनाडूत मंडपमला उतरला. चंदेरी कार्प आणि गवत्या कार्प 1959 मध्ये आले. त्याच 1959 मध्ये तिलापियाचा आणखी प्रसार करू नये असेही ठरले, पण तोवर मासा सुटला होता.

उजनीच्या पाण्यावर त्याला चिलापी म्हणतात. तो इतका फोफावला कसा, हे त्याच्या संसारात दिसते. नर तळाच्या गाळात बशीसारखा खळगा करतो, मादी त्यात अंडी घालते आणि लगेच ती तोंडात उचलून घेते. पिल्ले बाहेर पडून पोहू लागेपर्यंत ती त्यांना तोंडातच सांभाळते. धोका दिसला की पिल्ले पुन्हा तोंडात शिरतात. भीमेतल्या मूळच्या माशांना अंडी घालायला पावसाळा, पूर आणि वाहते पाणी लागते. चिलापीला यातले काहीच लागत नाही. साचलेले पाणी असले की वर्षातून अनेकदा तिची वीण होते. 1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि भीमेचा मोठा पट्टा वाहत्या नदीचा साचलेला तलाव झाला. नदी बदलली, ज्याला तळे मानवते त्याचे राज्य आले. अलीकडे उजनीच्या जाळ्यांत खवल्यांच्या जागी टणक चिलखत असलेला सकर मासाही येऊ लागला आहे. तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा, शोभेच्या काचपेटीतून नदीत पोचलेला. तो खाल्ला जात नाही, त्याला भाव मिळत नाही, आणि त्याच्या काट्यांनी जाळे फाटते ते वेगळेच.

रोहू, कटला, मृगळ यांची गोष्ट निराळी. हे मूळचे गंगेच्या आणि उत्तरेकडच्या नद्यांमधले. आज धाराशिवच्या आठवडी बाजारात ते इतके सरसकट असतात की तेच इथले वाटतात. पूर्वी त्यांचे बीज नदीतूनच गोळा करावे लागे आणि त्यात नको ते मासेही मिसळून येत. 1957 मध्ये हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांना बंदिस्त तळ्यात अंडी घालायला लावली. तो 10 जुलैचा दिवस आजही देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. त्यानंतर मत्स्यबीज केंद्रे उभी राहिली. तिथून मत्स्यजिरे, त्याहून मोठी बोटुकली, प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून जीपने, टेम्पोने तलावातलावांवर जाऊ लागली. दुष्काळी तालुक्यांतल्या मच्छीमार संस्थांना या बोटुकलीने हक्काचे उत्पन्न दिले, हे विसरून चालणार नाही. ज्या तलावाला ठेका आहे, बीज आहे, तिथे चार घरांची चूल पेटते. तक्रार रोहू-कटल्याविषयी नाही. त्या नावांच्या गर्दीत बोगट, फुलुंगी, नुक्ता यांना बाजारात आणि सरकारी कागदावर जागाच उरली नाही, ही ती तक्रार आहे.

धरणांनी आणखी एक वाट बंद केली. अहीर हा सापासारखा लांब मासा, ईलचा प्रकार. तो वाढतो गोड्या पाण्यात आणि अंडी घालायला जातो समुद्रात. काचेसारखी पारदर्शक पिल्ले पुन्हा नदीच्या मुखातून वर चढतात. भीमेच्या खोऱ्यातला अहीर बंगालच्या उपसागरातून कृष्णेने, मग भीमेने वर येत असे. आज त्या वाटेवर नागार्जुनसागर आहे, श्रीशैलम आहे, जुराळा आहे. दख्खनचे पठार आणि समुद्र यांना जोडणारा हा जिवंत धागा होता, आणि तो तुटल्याची फारशी चर्चाही झाली नाही.

टिकले कुठे? जिथे लोकांनी देवाचे म्हणून सोडून दिले तिथे. वाडा तालुक्यात वैतरणेकाठी तिळसे येथे शिवमंदिराजवळच्या डोहात महसीर आहेत आणि ते कोणी मारत नाही. महाड तालुक्यातल्या वाळणकोंडीचे मासे वरदायिनी देवीचे मानले जातात. भाविक चुरमुरे टाकतात आणि हाताएवढे मासे वर येतात. सोनारीतल्या माकडांना भैरवनाथाच्या छायेत जे अभय आहे, तेच तिथल्या माशांना. शास्त्रीय प्रयत्नही झाले: लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या जलविद्युत केंद्राने 1970 च्या दशकापासून महसीरचे बीज तयार करून देशातल्या अनेक नद्यांना पुरवले. आंतरराष्ट्रीय यादीत दख्खनचा महसीर पूर्वी संकटग्रस्त होता. 2018 मध्ये त्याची गणना फारशी चिंता नसलेल्या प्रजातींत झाली. नुक्ता मात्र कृष्णेच्या खोऱ्याबाहेर कुठेच नाही, त्याला ना देऊळ मिळाले ना बीज केंद्र, आणि तो अजून संकटग्रस्त आहे.

सीनेच्या बाबतीत तर आपण अजून मोजणीपर्यंतही पोचलेलो नाही. वाळू उपसली जाते, नाले सरळ आणि रुंद केले जातात. पाणी अडवण्याच्या चांगल्या हेतूने यंत्र लावले तरी डोहाची कपार आणि खोली त्यात सपाट होते. 2012-13 आणि 2015-16 च्या दुष्काळांत पात्रात जे थोडे पाणी उरले, तेवढ्यातच मूळच्या माशांनी जीव धरला असणार. अशा जागा कोणत्या, हे गावोगावच्या भोई-कोळी समाजातल्या म्हाताऱ्यांना माहीत आहे, आणि ती पिढी आता मावळते आहे. परंडा, करमाळा, बार्शी, माढा इथल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी मच्छीमार संस्थांना बरोबर घेऊन सीनेच्या माशांची यादी करावी: स्थानिक नाव, फोटो, ठिकाण, महिना, आणि नाव सांगणाऱ्या माणसाचे नावसुद्धा. एका पावसाळ्यात सुरुवात होईल. खोलीकरणाचे यंत्र ओढ्यात उतरवण्याआधी ग्रामपंचायतीने निदान एक जुना डोह वगळावा, एवढे तर येत्या उन्हाळ्यातच करता येईल.